क कमळाचा म्हणण्याआधी: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी वाचनाचे खेळ

बालवाडीचे प्रवेश सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "साडेतीन वर्षांचा झाला, अजून मुळाक्षरं येत नाहीत. घरी काय करून घेऊ?" त्याच वर्गात दुसरंही एक मूल असतं. त्याला क कमळाच्यापासून ज्ञ यज्ञाच्यापर्यंत सगळा तक्ता तोंडपाठ असतो. त्याच्यासमोर 'मका' हा शब्द लिहून ठेवा. ते म्हणेल, "म मगरीचा, क कमळाचा." आणि पुढे गप्प. मगर आणि कमळ मिळून मका होत नाही.

मला विचाराल तर पहिल्या मुलाची मुळीच काळजी करू नका, दुसऱ्याकडे जरा लक्ष द्या. त्याला अक्षरांची चित्रं ठाऊक आहेत, पण शब्द आवाजांचा बनलेला असतो, तो तोडता येतो आणि पुन्हा जोडता येतो, हे त्याला अजून कुणी खेळवून दाखवलेलं नाही. वाचन इथून सुरू होतं. ते आधी कानाला यावं लागतं, मग डोळ्याला. हाताला, म्हणजे लिहायला, सगळ्यात शेवटी.

घाई नको असं म्हणायला कागदोपत्री आधारही आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा सगळा काळ पायाभूत टप्पा धरला आहे, आणि ५ जुलै २०२१ला सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाचं लक्ष्य मूल तिसरी संपेपर्यंत समजून वाचू लागावं असं आहे. चौथ्या वर्षी बाराखडी घोटून घेणाऱ्या शिकवण्या कुठल्या घाईत असतात, कोण जाणे.

इंग्रजीचे खेळ जसेच्या तसे चालत नाहीत

इंटरनेटवर वाचनाच्या खेळांचा पूर आहे, पण त्यातले बहुतेक इंग्रजीसाठी बेतलेले आहेत. तिथे सव्वीस अक्षरं आणि त्यांचे सुटे आवाज. आपल्याकडे एकेक अक्षर म्हणजे बोलण्यातला एकेक ठोका: मा, मी, मू. व्यंजनात 'अ' आधीच मुरलेला असतो, आणि स्वर बदलला की चिन्ह व्यंजनाच्या कुठल्याही बाजूला जाऊन बसतं. काना उजवीकडे, पहिली वेलांटी डावीकडे, उकार पायाशी, मात्रा डोक्यावर. मोठ्यांना हे दिसतसुद्धा नाही इतकं अंगवळणी पडलेलं असतं. पाच वर्षांच्या मुलाला मात्र 'कि' वाचताना आधी दिसलेली खूण नंतर उच्चारायची असते, हे त्याच्या दृष्टीने अजबच आहे.

त्यामुळे आपल्या लिप्यांमध्ये अक्षरओळख पूर्ण व्हायला वेळ लागतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा ही ओळख पहिलीत संपत नाही, पुढच्या इयत्तांमध्येही चालू राहते, असं दिसलं होतं. कन्नडची रचना मराठीसारखीच, व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची. तेव्हा मूल मात्रांमध्ये अडखळत असेल तर ते मंद आहे असं नाही. रस्ताच तेवढा लांब आहे.

पहिला टप्पा: कानाचे खेळ (तीन वर्षांपासून)

यासाठी कागद-पेन्सिल लागत नाही. स्वयंपाक करताना, रिक्षात, अंघोळ घालताना हे खेळ होतात, आणि खरं तर तिथेच चांगले होतात.

सुरुवात टाळ्यांनी करा. "ब-टा-टा": तीन टाळ्या. "का-कू": दोन. "च-पा-ती": तीन. घरातल्या सगळ्यांची नावं टाळ्यांवर म्हणा, मग भाज्यांची, मग कपड्यांची. इथे एक मेख आहे. 'घर', 'नख', 'गवत' असे शब्द सुरुवातीला घेऊ नका. लिहिताना 'घर'मध्ये दोन अक्षरं असतात, पण बोलताना शेवटच्या 'र'मधला 'अ' आपण गिळतो, त्यामुळे मूल एकच टाळी वाजवतं. त्याचा कान बरोबर असतो आणि आपण "नाही, दोन!" म्हणून त्याला गोंधळात टाकतो. म्हणून आधी शेवटी स्वर ठणठणीत ऐकू येणारे शब्द घ्या: पोळी, मामा, पेरू, केळी, आजोबा, बाहुली. 'घर' आणि 'गवत' पुढे अक्षरं डोळ्यांना दिसू लागली की आपोआप उलगडतात.

टाळ्या जमल्या की 'रेंज नाही'चा खेळ. आजोबांचा फोन आलाय असं समजायचं आणि आवाज तुटत तुटत येतोय. कानाला हात लावून म्हणायचं, "हॅलो… म-ला… पा-णी… दे." मुलाने शब्द जोडून ओळखायचा आणि वस्तू आणून द्यायची. पहिल्यांदा 'पा-णी', 'का-तर' असे दोन तुकड्यांचे शब्द, मग 'बा-हु-ली', 'पि-श-वी', मग 'वर-त-मान-प-त्र' असा एखादा लांबलचक. वाचताना सुटी अक्षरं जोडून शब्द करायचा असतो, त्याचीच ही तालीम आहे, फक्त अक्षरांशिवाय. आठवड्याभरात मूल स्वतः आजोबा होतं आणि तुम्हाला पळवायला लागतं.

मग शब्द खायचे. "बटाटामधला 'ब' खाल्ला, काय उरलं?" टाटा! नगारामधला 'न' गेला की गारा, चपातीतला 'च' गेला की पाती, कपाटातला 'क' गेला की पाट. उरलेला तुकडा अर्थाचा असला की मुलांना जादू झाल्यासारखं वाटतं. असे शब्द हाताशी जमवून ठेवा, ऐन वेळी सुचत नाहीत. बिनअर्थाचे तुकडेही चालतात: 'बादली'तून 'बा' काढला की 'दली' उरते, आणि 'दली' या शब्दावर बराच वेळ हसता येतं.

पहिला आवाज ओळखायला तळ्यात-मळ्यातइतका चांगला खेळ नाही. फरशीवर खडूने रेघ मारा. आज 'प'चा दिवस: 'प'ने सुरू होणारा शब्द आला की तळ्यात, नाही तर मळ्यात. "पंखा!" तळ्यात. "पापड!" तळ्यातच, हलायचं नाही. "भात!" मळ्यात. सुरुवातीला अगदी वेगळे आवाज घ्या: 'प' विरुद्ध 'स', 'म' विरुद्ध 'ग'. 'प' आणि 'फ', 'द' आणि 'ध' ही जोडी नंतर. आमच्याकडे एकदा 'म' चालू असताना पावणेपाच वर्षांची एक मुलगी 'आंबा' ऐकून रेघेवरच एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून उभी राहिली. का, तर म्हणाली, "म आहे, पण मध्ये लपलाय." आंबा लिहिताना 'म' कुठेच दिसत नाही, तिथे अनुस्वार असतो. पण म्हणताना ओठ मिटतात, म हा असतोच. तिचा कान तयार झाला होता. अशा मुलीला अक्षरं शिकवायला वेळ लागत नाही.

आता 'च'बद्दल सावध करतो. तक्त्यावर च चमच्याचा असतो आणि खाली चिमणीही असते. पण 'चमचा' आणि 'चिमणी' मोठ्याने म्हणून बघा. दोन्हींचा पहिला आवाज वेगळा आहे. चमचा, चाक, चटई यांचा 'च' दाताजवळचा, आणि चिमणी, चेहरा, चार, चंद्र यांचा टाळूजवळचा. 'ज' आणि 'झ'चंही तेच: जांभूळ आणि जीभ, झाड आणि झेंडा. कानाच्या खेळात हे दोन गट एकत्र करू नका. मूल 'चिमणी'ला मळ्यात उडी मारेल आणि ते बरोबर असेल. दोन्ही आवाजांना एकच चिन्ह आहे हा लिहिण्याचा संकेत आहे, तो अक्षरं आल्यावर सांगायचा.

बडबडगीतं तर आहेतच. ती नुसती म्हणून सोडू नका, मोडा. पावसाला पैसा द्यायच्या ऐवजी समोसा द्या, ससा द्या, मसाला द्या. यमक जुळतंय की नाही यावर मूल भांडायला लागलं की ओळखा, कान कामाला लागला.

दुसरा टप्पा: मांडीवरचं पुस्तक

हा टप्पा खरं तर पहिल्याच्या बरोबरीने चालतो. रोज एक गोष्ट, मूल मांडीवर किंवा शेजारी, पुस्तक दोघांच्या मधोमध. दर पानावर एक-दोनच ओळी असलेली, मोठ्या चित्रांची पुस्तकं घ्या. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं मिळतात, आणि प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी फुकट वाचता, उतरवून घेता, छापता येतात. मोबाइलवर दाखवण्यापेक्षा छापून, मध्ये टाके मारून पुस्तक केलेलं चांगलं. मुलं ते जास्त हाताळतात आणि फाटलं तर जीव जळत नाही.

वाचताना बोट शब्दांखालून डावीकडून उजवीकडे न्या, पण दर वेळी नको. गोष्टीची मजा जाते. दर चार-पाच पानांनी थांबून एखादा खरा प्रश्न विचारा. "हा कोण?" हा खरा प्रश्न नाही, उत्तर चित्रात दिसतंय. "आता ही म्हातारी काय करेल?" हा खरा. उत्तर काहीही आलं तरी "बघूया हं" म्हणून पान उलटा. गोष्टीच्या शेवटी तात्पर्य विचारू नका. तात्पर्य विचारलं की गोष्टीची परीक्षा होते आणि दुसऱ्या दिवशी मूल पुस्तक आणत नाही.

एकच पुस्तक महिनाभर रोज मागितलं तर कंटाळा तुम्हाला येईल, त्याला नाही. तेच वाचा. चांगलं पाठ झालं की शेवटचा शब्द सोडून थांबा, तो मूल म्हणेल. मग ते पुस्तक हातात धरून "वाचायला" लागेल, पानं बरोबर उलटेल, पण ओळी पाठ म्हणेल. काही आजी-आजोबा इथे हसतात, "वाचतोय कुठे, पाठ म्हणतोय." त्यांना तेवढं थांबवा. आपल्या तोंडचे शब्द या काळ्या खुणांमध्ये कुठेतरी आहेत, हे त्याला कळलंय.

तिसरा टप्पा: घरातली अक्षरं

मुलाचं स्वतःचं नाव हा पहिला शब्द. चप्पल ठेवायची जागा, पाण्याची बाटली, कपड्यांचा कप्पा, सगळीकडे ठळक अक्षरात नाव लावा. नाव आर्या, कृष्णा, श्रेया असं जोडाक्षराचं असेल तरी हरकत नाही. ते फोडून शिकवायचं नाही, एक अख्खं चित्र म्हणून ओळखू द्यायचं. मग घरातल्या इतरांची नावं. जेवायच्या आधी नावांच्या चिठ्ठ्या ताटांजवळ मांडायचं काम मुलाकडे द्या.

स्वयंपाकघरातले डबे त्यानंतर. रवा, पोहे, मीठ, डाळ, चहा. पांढऱ्या कागदावर काळ्या जाड पेनने लिहून डब्यांवर चिकटवा. मग दुकान-दुकान खेळताना "एक किलो रवा द्या" म्हटलं की मूल डबा शोधतं. पहिल्यांदा ते रंगावरून, जागेवरून ओळखेल. डब्यांच्या जागा बदला. आता त्याला चिठ्ठीकडेच बघावं लागतं. वाण्याकडे जाताना दोन-तीन वस्तूंची यादी त्याच्याच खिशात द्या आणि दुकानात त्याला "वाचून" मागायला लावा. दुकानदार ओळखीचा असला तर सोंग छान वठतं.

फोनवर मराठी दाखवणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्या पाठ्यपुस्तकातला 'ल' दोन पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा असतो. २००९च्या शासन निर्णयाने मराठीसाठी हीच रूपं ठरवून दिली. पण बहुतेक फोन आणि संकेतस्थळांवर हिंदी वळणाचा 'ल' आणि 'श' दिसतो. मोठ्यांना फरक जाणवत नाही, अक्षरं नुकतीच ओळखू लागलेलं मूल मात्र तिथे अडकतं. म्हणून सुरुवातीच्या चिठ्ठ्या हाताने लिहा.

चौथा टप्पा: पहिली अक्षरं, पण क-ख-ग-घ नव्हे

मूल साडेचार-पाचचं झालं, टाळ्या आणि तळ्यात-मळ्यात सहज जमायला लागलं, की अक्षरं काढा. मुळाक्षरांचा क्रम उच्चारस्थानांवर बांधलेला आहे आणि भाषा अभ्यासणाऱ्याला तो सुंदर वाटतो. वाचायला शिकणाऱ्याच्या मात्र तो उपयोगाचा नाही. क, ख, ग, घ, ङ शिकून शब्द किती होतात? 'खग'! घरात कोण म्हणतं?

त्याऐवजी चार व्यंजनं आणि दोन स्वरचिन्हं घ्या: म, क, न, ल, काना आणि दुसरी वेलांटी. एवढ्या सामानात मामा, काका, नाना, मामी, काकी, नानी, मका, नाक, कान, मान, काम, काल, लाल, कमान, माला होतात. अर्धं गणगोत पहिल्या गठ्ठ्यातच येतं. पुढच्या गठ्ठ्यात प, र, ब, त आणि एक मात्रा घाला: बाबा, बकरी, पान, पाल, तारा, रात, पेन, पालक आणि केक. केक वाचता आला की त्या दिवशी केक मागितला जातो, तयारी ठेवा.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची जोडी एकाच गठ्ठ्यात घेऊ नका: म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, थ आणि य, प आणि ष. 'म' पक्का झाल्यावर काही आठवड्यांनी 'भ' आला की गोंधळ होत नाही. वर 'ब' घेतलाय म्हणून 'व' त्या गठ्ठ्यात नाही, हे लक्षात आलं असेलच.

अक्षरांच्या सोंगट्या घरीच करा. बाजारात लोहचुंबकाची इंग्रजी अक्षरं ढिगाने मिळतात. मराठीत मिळाली तरी बहुतेक वेळा मात्रा सुट्या नसतात आणि खरी गरज मात्रांचीच असते. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा यासाठी उत्तम: जाड असतो, कापायला सोपा, आणि घरात त्यांचा गठ्ठा असतोच. मागच्या कोऱ्या बाजूवर साधारण पाच सेंटिमीटर रुंद, सात सेंटिमीटर उंच तुकडे कापा. प्रत्येकावर शिरोरेघ एकाच उंचीवर, वरून दोन सेंटिमीटर सोडून, कडेपासून कडेपर्यंत मारा, म्हणजे सोंगट्या शेजारी ठेवल्या की रेघ सलग होते आणि शब्द दिसतो. काना आणि दुसरी वेलांटी वेगळ्या अरुंद पट्ट्यांवर काढा. त्या व्यंजनाच्या उजवीकडे ठेवायच्या. वर आणि खाली बसणाऱ्या खुणांसाठी, म्हणजे मात्रा, उकार, अनुस्वार यांच्यासाठी, पारदर्शक फाइलचं प्लास्टिक अक्षराच्या आकारात कापा आणि त्यावर पक्क्या शाईच्या पेनने फक्त खूण काढा. हे प्लास्टिक 'क'वर ठेवलं की 'के', उचललं की पुन्हा 'क'. 'क' तोच राहतो, वर काहीतरी बसतं आणि आवाज बदलतो, हे मुलाला बोटांनी कळतं. फळ्यावर कितीही वेळा लिहून दाखवा, इतकं स्पष्ट होत नाही.

अक्षराचं नाव सांगताना 'म मगरीचा' नको, नुसता 'म'. मगर जोडली की शब्द जुळवताना ती मध्ये येते.

महागडं सामान लागतं असं कुणी सांगितलं तर ताराबाई मोडकांची आठवण करून द्या. १९४५ला त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे काम कोसबाडला गेलं. मॉन्टेसरीची साधनं आदिवासी पाड्यांवर परवडणारी नव्हती, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघांनी शिंपले, पानं, बिया, खडे असं गावात मिळणारं सामान घेतलं आणि मुलं शाळेत येईनात तर शाळाच अंगणात नेली. आजचा 'अंगणवाडी' हा शब्द त्याच कामातून आला.

पाचवा टप्पा: मात्रांशी दंगा

बहुतेक मुलं अडकतात ती इथे. बाराखडी एका सुरात म्हणता येते, पण तो सूर तोडून मधलंच 'मे' दाखवलं की मूल मनात 'म, मा, मि, मी…' मोजत मोजत तिथवर जातं. म्हणून बाराखडी पाठ करून घ्यायच्या आधी तिचा आवाज खेळात आणा.

'ओ'ची भाषा हा सगळ्यात सोपा खेळ. आज सगळ्यांनी प्रत्येक अक्षराला 'ओ' लावून बोलायचं. "बाबा, चहा हवा?" म्हणजे "बोबो, चोहो होवो?" उद्या 'ई'ची: "बीबी, चीही हीवी?" जेवणाच्या ताटावर पाच मिनिटं हे चालू दिलं तरी पुरे, त्यापेक्षा जास्त चाललं तर जेवण होत नाही. व्यंजन तेच ठेवून स्वर बदलणं म्हणजे बाराखडीच, फक्त घोकंपट्टीशिवाय.

मग सोंगट्यांवर. 'काका' मांडा. दोन्ही काने उचलून दुसऱ्या वेलांट्या ठेवा: 'कीकी'. एकच बदला: 'काकी'. 'नाना'चे काने उचलून दोन्ही 'न'वर एकेक मात्रा ठेवा: 'नेने'. मुलाने मांडायचं आणि तुम्ही वाचायचं, हेही करा. ते मुद्दाम विचित्र काहीतरी मांडेल, 'लेमीकाने' असं, आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने वाचायचं. मोठी माणसं आपण मांडलेलं वाचतात, यात मुलांना फार मोठेपणा वाटतो.

वेलांट्यांपैकी दुसरी आधी घ्या, पहिली बऱ्याच नंतर. एक तर दुसरी व्यंजनानंतर येते, म्हणजे दिसते त्याच क्रमाने उच्चारते. शिवाय मराठी शब्दांच्या शेवटचे इकार-उकार नियमाने दीर्घ लिहिले जातात, त्यामुळे मुलाच्या रोजच्या छोट्या शब्दांत दुसरी वेलांटी आणि दुसरा उकारच जास्त असतात: पाणी, पोळी, वाटी, मामी, पेरू, चाकू, काकू. पहिली वेलांटी आणताना 'पिशवी', 'विमान', 'शिडी' अशा शब्दांनी आणा. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर या वयात पेन्सिल पुढे करू नका. 'पानि' लिहिणाऱ्या मुलाने पाण्याचे सगळे आवाज ऐकले आहेत.

सहावा टप्पा: वाचून काहीतरी घडलं पाहिजे

वीस-पंचवीस शब्द जुळवता येऊ लागले की वाचनाला काम द्या. 'मामाचं पत्र हरवलं' खेळताना रुमालाऐवजी खरंच पत्र टाका. ज्याच्या मागे पडेल त्याने ते उघडून वाचायचं आणि त्यात लिहिलंय ते करायचं: 'नाच', 'पळ', 'लाल पेन आण'. वाचता आलं नाही तर शेजारच्याने मदत करायची, बाद कुणी होत नाही.

घरात एकच मूल असेल तर चिठ्ठ्यांचा माग काढा. उशीखाली चिठ्ठी: 'कपाट बघ'. कपाटात: 'पाट उचल'. पाटाखाली: 'बाबा'. बाबांच्या खिशात एक चिक्की. चार चिठ्ठ्या पुरेत, आणि प्रत्येक चिठ्ठीत शिकलेल्या अक्षरांपलीकडचं एखादंच अक्षर असावं.

भेंड्या थोड्या उशिरा, साडेपाचनंतर. गाण्यांच्या नाहीत, शब्दांच्या. आधीच ठरवून टाका: शेवटी 'ळ' किंवा 'ण' आला तर त्याच्या आधीचं अक्षर घ्यायचं, नाही तर 'फळ' म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याला अडकवतो.

लिहिणं आणि वेळ

दुरेघी वहीत 'अ' गिरवण्यापासून सुरुवात करू नका. पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षरं काढत, ती पद्धत फार शहाणपणाची होती. ताटात रवा किंवा बारीक रांगोळी पसरा आणि बोटाने काढू द्या. चुकलं की ताट हलवायचं, खोडरबर लागत नाही. कणीक मळणं, मटार सोलणं, कपड्यांना चिमटे लावणं या कामांनी बोटांत ताकद येते. पेन्सिल पुढे धरायची असते ती त्याच बोटांनी.

वेळ किती? एका बैठकीला दहा मिनिटं, आणि मूल उठून गेलं तर त्याला जाऊ द्या. "अजून एकदा" हे मुलाने म्हणावं, आपण नाही. पाहुण्यांसमोर "वाचून दाखव बघू" हे तर अजिबात नको. एका संध्याकाळच्या कौतुकासाठी महिन्याभराची गोडी जाते.

घरातली भाषा वेगळी असेल तर

घरात अहिराणी, मालवणी, वारली, कोरकू, गोंडी किंवा हिंदी बोलली जात असेल तर कानाचे खेळ त्या भाषेत खेळा. शब्द तोडणं-जोडणं हे कौशल्य एका भाषेतून दुसरीत जातं, ते दोनदा शिकावं लागत नाही. मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणत असेल तर खेळात त्याचा 'पानी'च धरा. पुस्तकातलं 'पाणी' नंतर अजून एक शब्द म्हणून येऊ दे. परदेशातल्या घरांत उलटी अडचण असते: मुलाला मराठी समजतं, पण ते उत्तर इंग्रजीत देतं. तिथे अक्षरांची घाई आणखी कमी करा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत, पण आठवड्यातून एकदा शाळेत जाऊन जमणार नाही ते रोज रात्री मराठीत ऐकलेल्या गोष्टीने जमतं.

एक गोष्ट मात्र खेळावर सोडू नका. चौथ्या वर्षीही मूल फार थोडं बोलत असेल, हाकेला वळून बघत नसेल, टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल किंवा वारंवार कान दुखत, वाहत असेल, तर आधी कानाची तपासणी करून घ्या. ऐकू नीट येत नसेल तर 'प' आणि 'ब'मधला फरक मुलाने शोधायचा कुठून? आणि मूल दुसरीत गेलं, रोज वाचायला मिळतंय, तरी दोन अक्षरी शब्द जुळत नसेल, तर शिक्षकांशी बोलून जाणकाराकडे दाखवा. तोवर शिकवणी बदलण्यात वेळ घालवू नका.

जोडाक्षरं पहिली-दुसरीसाठी ठेवा. तोवर 'चप्पल', 'रस्ता', 'गुच्छ' समोर आलेच तर आपण वाचून द्यायचे आणि पुढे जायचं.